नाव एका गावाचं, जमीन दुसऱ्याची: फ्रान्समधलं खेडं कसं समजून घ्यावं

उत्तर फ्रान्समध्ये ला बासेहून एस्तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘ला बाँब’ नावाचा चौक आहे. तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक उभं आहे. गोलाकार भिंत, जवळपास १५ मीटर उंच खांब, खांबाच्या माथ्यावर कमळ आणि पायाशी दोन वाघ. पहिल्या महायुद्धात या आघाडीवर मेलेल्या, पण ज्यांची कबर कुठेच नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. स्मारकाचं नाव ‘नव्ह-शापेल’. जमीन मात्र शेजारच्या रिशबूर गावाची.

मला हे माहीत नव्हतं. नाव नव्ह-शापेलचं, म्हणजे जागाही तिथलीच, असं धरून मी त्या गावाचे जुने नकाशे चाळत बसलो आणि चौक काही सापडेना. तेव्हापासून एक सवय लागली. फ्रान्समधल्या कुठल्याही खेड्याचा माग काढताना आधी हद्द, मग पाणी, मग नावं आणि सगळ्यात शेवटी इतिहास. हा क्रम उलटा केला की गोंधळ ठरलेला.

फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि शनिवार-रविवारी सायकल काढून आसपासची गावं बघणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. ‘पणजोबा पहिल्या लढाईत फ्रान्सला गेले होते’ एवढंच ज्यांच्या घरात सांगितलं जातं, त्यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण म्हणून नव्ह-शापेल आणि त्याच्या आसपासची चार-पाच गावं घेतली आहेत. हीच पद्धत दुसऱ्या गावालाही चालते.

पायरी १: हद्द नक्की करा

फ्रान्समध्ये सगळ्यात लहान प्रशासकीय घटकाला ‘कोम्यून’ म्हणतात. राज्यक्रांतीच्या वर्षी, डिसेंबर १७८९ च्या कायद्याने कोम्यून अस्तित्वात आल्या. बहुतेकांच्या हद्दी त्याआधीच्या चर्चच्या हद्दींवरूनच ठरल्या. आज त्या सुमारे ३५ हजार आहेत. लीलसारखं मोठं शहरही एक कोम्यूनच आणि दीडशे माणसांचं खेडंही कोम्यूनच. प्रत्येकीला महापौर असतो आणि कचेरीला ‘मेरी’ म्हणतात. आपल्याला ग्रामपंचायत आठवते, पण इथला महापौर जन्म-मृत्यूची नोंद आणि लग्न लावणं ही कामंही करतो. त्यामुळे घराण्याचा शोध असो की जमिनीचा, सुरुवात कोम्यूनपासूनच होते.

कोम्यूनच्या वर कँतों, आरोंदिस्मां, देपार्तमां आणि रेजिओं अशी चढती भाजणी आहे. त्यातली देपार्तमां तुमच्या कामाची, कारण जुने कागद तिच्या अभिलेखागारात असतात. नव्ह-शापेल बेत्यूनच्या आरोंदिस्मांमध्ये, पा-द-काले या देपार्तमांमध्ये येतं, क्रमांक ६२. त्याचे कागद आरास शहराला लागून असलेल्या दँव्हिलला. तिथून जेमतेम पाच किलोमीटरवरचं ला बासे मात्र नॉर देपार्तमांमध्ये, क्रमांक ५९, आणि त्याचे कागद लीलला. ओबेर गावाचंही तेच. लढाई एकच, शिवार एकमेकांना लागून, पण दप्तरं दोन शहरांत. आधी बघून घेतलं नाही तर एक दिवस प्रवासात फुकट जातो.

आणखी एक फसगत पिनकोडची. फ्रान्समध्ये एकच पोस्टाचा क्रमांक अनेक कोम्यूनना असू शकतो. कोम्यून ओळखायची तर राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचा, म्हणजे इन्सेचा, पाच अंकी क्रमांक बघा. त्याचे पहिले दोन अंक देपार्तमांचे असतात आणि तो दुसऱ्या कोम्यूनला नसतो.

हद्दी बदलतात, हेही लक्षात असू द्या. आजचं रिशबूर १९७१ मध्ये दोन गावं जोडून झालं. त्याआधीची कुठलीही नोंद ‘रिशबूर’ या एकट्या नावाखाली शोधलीत तर हाती काही लागणार नाही. ती दोन गावं कोणती, ते पुढे नावांच्या पायरीत.

पायरी २: पाणी कुठे जातं ते बघा

आयजीएन या सरकारी भूमापन संस्थेचा नकाशा उघडा. महाजालावर तो फुकट बघता येतो. समोच्च रेषा शोधा. नव्ह-शापेलच्या आसपास त्या जवळजवळ नाहीतच. लिस नदीचं हे मैदान पोळपाटासारखं सपाट आहे. माती चिकण, पाणी जमिनीखाली लगेच लागतं आणि शेतांच्या कडेने चर खणलेले दिसतात. गावाच्या पूर्वेला ‘ले’ नावाचा ओढा आहे. ओढा म्हणावा की मोठा चर, असा प्रश्न पडावा इतका तो साधा. त्याच्यापलीकडे ‘ब्वा द्यु बिए’ नावाचं रान.

आणखी पूर्वेला ओबेरचा उंचवटा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो साधारण वीस मीटर उंच. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हसू येईल. आपल्याकडे एवढ्याला टेकाडसुद्धा कुणी म्हणणार नाही. पण सपाट मैदानात वीस मीटरवरून मैलोन्‌मैल दिसतं. वर बसलेल्या जर्मन सैन्याला कोरडी जमीन आणि दूरचा देखावा, खालच्या ब्रिटिश-भारतीय सैन्याला चिखल. हात-दोन हात खणलं की पाणी लागायचं, म्हणून इथे खंदक नीट खणताच येत नसत. त्याऐवजी मातीने भरलेल्या पोत्यांच्या भिंती जमिनीवर उभारल्या जात. नकाशावर नुसती बारीक रेघ दिसते, पण हिवाळा पायापर्यंत पाण्यात काढलेल्या सैनिकाची पत्रं वाचताना ती रेघ आठवते.

दक्षिणेकडे आणखी एक सीमा आहे, कुठल्याही सरकारने न आखलेली. ला बासेजवळून जाणाऱ्या कालव्याच्या खालच्या अंगाला लाँसच्या बाजूने कोळशाच्या खाणींचा पट्टा सुरू होतो. तिथे खाणीतल्या दगडमातीचे काळे डोंगर आणि कामगारांच्या विटांच्या चाळी. कालव्याच्या वरच्या अंगाला बटाटे, बीट, गहू आणि गुरांची कुरणं. सायकलवर तासाभरात दोन्ही बघून होतं.

पायरी ३: नावं सोडवा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

‘नव्ह-शापेल’ म्हणजे नवं प्रार्थनामंदिर. फ्रेंचमधलं ‘नव्ह’ आणि आपलं ‘नव’ कानाला एकसारखे लागतात तो योगायोग नाही. लॅटिनमधला ‘नोव्हुस’ आणि संस्कृतमधला ‘नव’ एकाच मुळाचे. आता ‘नवं’ म्हटलं की जुनं कुठे, हा प्रश्न आलाच. पश्चिमेला थोड्या अंतरावर ‘व्हिएय-शापेल’ नावाचं गाव आहे, म्हणजे जुनं प्रार्थनामंदिर. असं नाव दिसलं की त्याची जोडी नकाशावर शोधावी, बहुतेक वेळा सापडते. आणि ‘नवं’ हे नाव ठेवलं तेव्हापुरतं नवं. अशी कित्येक ‘नवी’ गावं शतकानुशतकं जुनी आहेत.

आता रिशबूरची दोन गावं: ‘रिशबूर-लाव्हुए’ आणि ‘रिशबूर-सँ-व्हा’. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावतात तशी ही शेपटं. मूळ नाव एक आणि मागे ओळखीची खूण. पण बुद्रुक-खुर्द सांगतात थोरलं कोण, धाकटं कोण. इथली शेपटं सांगतात धनी कोण. सँ-व्हा हा आरास शहरातला बलाढ्य मठ, तेव्हा एक रिशबूर मठाचं. ‘लाव्हुए’मधला ‘आव्हुए’ म्हणजे मठाचा संरक्षक सरदार. साधूंनी तलवार हाती घ्यायची नाही म्हणून मठ एखाद्या घराण्याला संरक्षक नेमत. सँ-व्हाचं हे पद बेत्यूनच्या सरदारांकडे वंशपरंपरेने होतं. म्हणजे दुसरं रिशबूर त्या सरदाराचं. १९७१ मध्ये दोन्ही शेपटं गळाली आणि मध्ययुगातली ही अख्खी वाटणी नावातून पुसली गेली. कारकुनी सोय झाली असेल, मला मात्र वाईट वाटतं.

शेजारचं ‘लाकुत्यूर’ ऐकून शिवणकाम किंवा फॅशन आठवते. इथला ‘कुत्यूर’ वेगळा, लॅटिन ‘कुल्तुरा’पासून आलेला, म्हणजे नांगराखालची जमीन. ‘जिव्हाँशी-ले-ला-बासे’ या लांबलचक नावातला ‘ले’ तर नवख्यांना हमखास फसवतो. तो अनेकवचनी ‘ले’ नाही. जुन्या फ्रेंचमधल्या या शब्दाचा अर्थ ‘जवळ’. ला बासेजवळचं जिव्हाँशी. आणि ‘शी’ या शेवटात रोमन काळातला ‘-आकुम’ हा प्रत्यय लपलेला आहे, अमक्याची जमीन किंवा वाडी अशा अर्थाचा. उत्तरेत तो झिजून ‘-ई’ झाला, दक्षिणेत ‘-आक’ राहिला. कोन्याक या गावाचं नाव त्यातलंच.

हा सीमेवरचा मुलूख असल्याने जर्मानिक भाषांचे अवशेषही सापडतात. ‘फ्लरबे’ आणि ‘रूबे’ यांतला ‘बे’ म्हणजे ओढा, फ्लेमिशमधल्या ‘बेक’चा भाऊबंद. ‘फोकिसार’मधला ‘सार’ मात्र लॅटिनमधून आलेला, म्हणजे रान तोडून काढलेली शेतजमीन. नावांत इतके ओढे आणि इतकी तोडलेली रानं निघाली की दुसऱ्या पायरीत पाहिलेला नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे येतो.

मग गावाच्या आतली नावं. त्यांना ‘ल्यो-दी’ म्हणतात. आपल्याकडे शिवारात ‘चिंचेचा मळा’, ‘वरची पट्टी’ असतात तशी. इथे ‘र्यू द्यु ब्वा’, ‘र्यू द लेपिनेत’ अशी नावं दिसतील. ‘र्यू’ म्हणजे शहरातली गल्ली, हे शाळेत शिकलेलं इथे विसरा. या मैदानात वस्ती गोळा होऊन बसलेली नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं लांबवर पांगलेली असतात आणि अख्ख्या वाडीलाच ‘र्यू’ म्हणतात. शिपाई ‘र्यू द्यु ब्वा’वर मेला असं वाचलं की डोळ्यांपुढे गल्ली आणू नका. दोन्हीकडे उघडी शेतं असलेला सरळसोट रस्ता आणा.

सगळ्यात वर बसलेला थर सैनिकांनी ठेवलेल्या नावांचा. ‘ला बाँब’ चौकाला ब्रिटिश फौज ‘पोर्ट आर्थर’ म्हणायची. रशिया-जपान युद्धातल्या वेढ्याने गाजलेल्या बंदराचं हे नाव पलटणींच्या रोजनिशीत पानोपानी येतं आणि फ्रेंच नकाशावर औषधालाही सापडत नाही.

नावाचा अर्थ आजच्या स्पेलिंगवरून कधीही लावू नका. प्रत्येक नावाची जुन्या कागदांतली रूपं सालासकट देणारे स्थलनामकोश देपार्तमांवार छापलेले आहेत आणि पा-द-कालेचाही आहे. बाराव्या-तेराव्या शतकातलं रूप बघायचं, मग बोलायचं. गावोगावच्या माहितीफलकांवर गोड गोड व्युत्पत्त्या असतात, त्या चहाबरोबर ऐकून सोडून द्याव्यात.

पायरी ४: नकाशे एकावर एक ठेवा

आयजीएनचंच ‘रमोंते ल तां’ नावाचं पान आहे, म्हणजे ‘काळात मागे जा’. पडद्याच्या एका अर्ध्यात आजचं उपग्रहचित्र आणि दुसऱ्यात जुना नकाशा असं ठेवून सरकवता येतं. मागे जाताना तीन मुक्काम पुरेत. पहिला, एकोणिसाव्या शतकातला लष्करी ‘एता-माजोर’ नकाशा. दुसरा, अठराव्या शतकातला कासिनी घराण्याने केलेला, १ ला ८६,४०० या प्रमाणाचा. त्यात चर्च, गिरण्या आणि मोठी रानं नीट दिसतात, शेतं दिसत नाहीत. तिसरा आणि खरा खजिना म्हणजे नेपोलियनच्या काळचा ‘कादास्त्र’, ज्याची सुरुवात १८०७ च्या कायद्याने झाली. आपला सातबारा आणि गावनकाशा एकत्र केल्यासारखा. देपार्तमांच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तो मिळतो. आधी ‘ताब्लो दासांब्लाज’ हा संपूर्ण कोम्यूनचा एकपानी नकाशा उघडा, त्यावरून आपला विभाग (ए, बी, सी) ओळखा आणि मग त्या विभागाचं पान. ल्यो-दींची नावं तिथे ठळक लिहिलेली असतात. १९७१ आधीच्या रिशबूरसाठी अर्थातच दोन वेगळे संच बघावे लागतात.

लढाईचा शोध असेल तर चौथा थरही घ्या: ब्रिटिश सैन्याचे खंदकनकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते महाजालावर ठेवले आहेत. या भागाचा नकाशा ‘३६ एस.डब्ल्यू. ३’, नाव रिशबूर. नव्ह-शापेलची लढाई नकाशांच्या इतिहासातही महत्त्वाची आहे, कारण विमानातून छायाचित्रं घेऊन शत्रूच्या खंदकांचा नकाशा आधी तयार केला आणि मग हल्ला आखला, अशी ही सुरुवातीची मोठी लढाई.

पायरी ५: साल लावा, पण मोजकी

या पट्ट्याची राज्यं इतकी बदलली की सगळी पाठ करण्यात अर्थ नाही. एक साल धरा: १६५९. पिरेनीजच्या तहाने आर्त्वा प्रांताचा बराचसा भाग स्पेनकडून फ्रान्सला मिळाला. ते साल मराठी माणसाला पाठ असतंच, कारण तह झाला त्याच नोव्हेंबरात इकडे प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. लील त्यानंतर आठ वर्षांनी, १६६७ मध्ये चौदाव्या लुईने जिंकलं. त्याआधीचे कागद फ्रान्समध्ये सापडले नाहीत तर बेल्जियममध्येही डोकवावं.

मग एकदम १९१४. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मनांच्या ताब्यातल्या नव्ह-शापेलवर ४७ व्या शीख पलटणीने आणि तिच्याबरोबर थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी हल्ला केला. हे सॅपर्स म्हणजे खडकीचे, आजच्या बॉम्बे सॅपर्सचे पूर्वज. पूल बांधणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. त्या दिवशी ते पायदळासारखे घराघरातून लढले. मागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. खडकीतून रोज जा-ये करणाऱ्या किती पुणेकरांना या गावाचं नाव माहीत असेल?

मोठी लढाई १० ते १३ मार्च १९१५ ची. १० तारखेला सकाळी साडेसातला तोफांचा मारा सुरू झाला, तो ३५ मिनिटं चालला. गाव त्याच दिवशी हाती आलं. ओबेरचा उंचवटा मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. पहिल्याच दिवशी गढवाल रायफल्सचे गब्बरसिंग नेगी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचं नाव स्मारकाच्या भिंतीवर आहे.

९ एप्रिल १९१८ ला जर्मनांचा मोठा हल्ला याच भागात पोर्तुगीज तुकड्यांवर कोसळला. म्हणून स्मारकाच्या जवळच पोर्तुगीज लष्करी दफनभूमी आहे. नव्ह-शापेलमधली गोळ्यांनी मोडलेली ख्रिस्ताची मूर्ती १९५८ मध्ये पोर्तुगालला दिली गेली. आज ती बातालियाच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे. गावाची मूर्ती परदेशात आणि गावाच्या नावाचं स्मारक शेजाऱ्याच्या शिवारात, अशी ही गंमत.

गाव युद्धात पुरतं जमीनदोस्त झालं. तेव्हा लाल विटांची घरं आणि चर्च बघून ‘किती जुनं, किती देखणं’ म्हणण्याआधी थांबा. जे उभं आहे ते जवळजवळ सगळं युद्धानंतर पुन्हा बांधलेलं. जुनं काय उरलं, तर रस्त्यांची वळणं, चर आणि नावं.

पायरी ६: कागद

नागरी नोंदी १७९२ पासून, त्याआधीच्या चर्चच्या वह्यांत. १७९३ ते १८०५ च्या तारखा क्रांतीच्या पंचांगात असतात; त्या बदलून देणारी साधनं महाजालावर आहेत. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात, मृत्यूच्या लगेच. सगळ्यात आधी दर दहा वर्षांची सूची उघडा, थेट वही नको. नोंदवह्यांच्या दोन प्रती असायच्या, एक गावात आणि एक न्यायालयात. युद्धात गावातली जळाली तरी दुसरी कधी कधी वाचलेली असते.

मेरीत जाणार असाल तर वेळ आधी बघा. लहान गावातली कचेरी आठवड्यातून काही तासच उघडी असते. मी एका गावी बंद दारावरची पाटी वाचून परत आलो आहे. आत गेल्यावर आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्य’, मग कामाचं बोलणं. त्याशिवाय समोरची व्यक्ती मान वर करत नाही.

पायरी ७: प्रत्यक्ष जा

लील-बेत्यून मार्गावरच्या ‘ला बासे-व्हिओलेन’ स्थानकावर उतरा आणि सायकल बरोबर ठेवा. रस्ता सपाट आहे, पण वारा तोंडावर येतो. पाऊस असेल तर चरांकडे नीट बघा, दुसरी पायरी आपोआप पटेल.

स्मारक हर्बर्ट बेकर यांनी आखलं, अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ ला झालं. खांबावर ‘देव एक आहे, विजय त्याचाच’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने पहिल्या महायुद्धाच्या १३९ स्मृतिस्थळांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे आहे. भिंतीवरची नावं पलटणवार आहेत, म्हणून नुसतं नाव शोधू नका, पलटण माहीत करून जा. एक कांस्यफलक वेगळा दिसेल, १९६४ मध्ये बसवलेला. त्यावरचे सैनिक इथे लढता लढता मेलेले नाहीत. बर्लिनजवळच्या झेरेन्सडोर्फला त्यांच्या कबरी होत्या आणि पूर्व जर्मनीत त्यांची देखभाल अशक्य झाली, म्हणून नावं इथे आणली.

घरातल्या कुणाचा शोध असेल तर निघण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर बघा, शोध फुकट आहे. बऱ्याच भारतीय नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, पण तेव्हाच्या इंग्रजी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. ‘पुणे’ शोधू नका, इंग्रजांचं ‘पूना’ शोधा. रायगड जिल्हा तेव्हा कोलाबा होता. रायगड हे नाव १९८१ चं. आडनाव बहुतेकदा नसतं किंवा तेच पहिलं नाव म्हणून पडलेलं असतं. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी गावाने शोधा, आणि गावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा.